सोळा पेन्स कीं अठरा पेन्स? रुपया-पौंडाचा दर व खानदेशचा कापूस

कापसाचा भाव उतरला म्हणजे आपण शेतकरी लोक पावसाला दोष देतों, दलालाला देतों, फारच झालें तर अमेरिकेच्या पिकाला देतों. परंतु या भावाच्या पोटांत आणखी एक भाव असतो, आणि तो आपल्या बाजारांत कोणी पुकारीत नाहीं. तो म्हणजे आपल्या नाण्याचा परदेशच्या नाण्याशीं असलेला भाव. यासच हुंडणावळीचा दर म्हणतात. या दराचा आपल्या शेतसाऱ्याशीं, कर्जाशीं व कापसाशीं कसा संबंध आला, हें दाखविण्यापुरताच प्रस्तुत लेख आहे. लेखकाची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. अर्थशास्त्राचें अध्ययन त्यानें केलेलें नाहीं. तथापि जमाबंदीचीं जुनीं दप्तरें चाळतांना एक प्रश्न वारंवार पुढें येई तो असा: जमीन तीच, आकार तोच, पीकही जवळजवळ तेंच, मग एका वर्षीं सारा सहज भरला जातो, आणि दुसऱ्या वर्षीं तोच भरतांना घरांतील भांडीं बाहेर कां निघतात?

दोन नाण्यांचा दर म्हणजे काय, हें आपल्याकडील जुन्या माणसांस शिकवावें लागत नसे. अजिंठ्याचा डोंगर किंवा चाळीसगांवापुढील कन्नडचा घाट चढून गेलें कीं निजामाचें राज्य लागे, आणि तेथें हाली सिक्क्याचा रुपया चाले. आपल्याकडे चाले तो कलदार, म्हणजे कळेवर पाडलेला इंग्रजी रुपया. सरकारी प्रमाण सात हालीस सहा कलदार असें होतें. म्हणजे १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. प्रत्यक्ष बाजारांत हा भाव थोडाबहुत खालींवर होई, आणि सराफ आपला वटाव घेई तो निराळाच. ज्यानें घाटावर माल विकून हाली रुपये पदरांत घेतले आणि ज्याला इकडे सारा कलदारांत भरावयाचा, त्याला ‘रुपये किती मिळाले’ एवढें विचारून भागत नसे. ‘कोणते रुपये’ हेंही विचारावें लागे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें व पुढें कांहीं वर्षांत हाली सिक्का चलनांतून गेला. परंतु हाली-कलदाराचा हिशेब ज्याला समजला, त्याला रुपया-पौंडाचा हिशेब समजण्यास अडचण पडूं नये. फरक एवढाच कीं, हालीचा सराफ चाळीसगांवांत बसे आणि पौंडाचा सराफ लंडनमध्यें.

विलायतेचें जुनें कोष्टक असें होतें: १२ पेन्सांचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड, अर्थात् पौंडाचे पेन्स २४०. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै. एका रुपयास किती पेन्स मिळतात, यावरून दर सांगण्याची चाल होती. १८७१ च्या सुमारास रुपया जवळजवळ २ शिलिंगांचा, म्हणजे २४ पेन्सांचा होता. पौंडास १० रुपये पडत. पौंड सोन्याचा, रुपया चांदीचा. पुढें जर्मनीनें व तिच्या मागोमाग इतर राष्ट्रांनीं सोन्याचें चलन स्वीकारून चांदी टाकली, अमेरिकेच्या खाणींतून नवी चांदी निघाली, आणि चांदीबरोबर आपला रुपयाही घसरत गेला. १८९४-९५ सालीं रुपयाचे सरासरीनें १३ पेन्सच येत होते. पौंड साडेअठरा रुपयांच्या घरांत गेला.

यांत शेतकऱ्याचें सरळ नुकसान नव्हतें. लिव्हरपूलच्या बाजारांत कापसाचे जितके पेन्स येत, तितक्याचे येथें पूर्वीपेक्षां अधिक रुपये होत, आणि सारा तर रुपयांतच ठरलेला. अडचण होती ती सरकारास. पेन्शनें, कर्जावरील व्याज, फौजेचा खर्च वगैरेंपायीं दरसाल कोट्यवधि पौंड लंडनला पाठवावे लागत. ‘होम चार्जेस’ म्हणतात ते हेच. पौंड महाग झाला कीं तेवढ्याच पौंडांकरितां अधिक रुपये काढावे लागत. मग नवे कर बसले, आणि अखेरीस २६ जून १८९३ रोजीं सरकारनें टांकसाळ लोकांस बंद केली. तोंपर्यंत कोणीही चांदी नेऊन दिली तर तिचे रुपये पाडून मिळत. ती वाट बुजल्यावर रुपये दुर्मिळ झाले, आणि दुर्मिळ झाल्यामुळें महागले. १८९८ पर्यंत दर १६ पेन्सांवर चढला व तोच पुढें कायम झाला. पौंडास १५ रुपये.

या बंदीचा एक घाव थेट आपल्या घरांत बसला, आणि तो थोडा विस्तारानें सांगितला पाहिजे. शेतकऱ्याची पेढी म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी: गोठ, वाळे, तोडे, साखळ्या. रुपया बरोबर एक तोळा वजनाचा, त्यांत बारा भागांत अकरा भाग चांदी. टांकसाळ खुली होती तोंवर चांदीचा तोळा आणि रुपया यांत फारसें अंतर पडूं शकत नसे. बंद झाल्यावर रुपया एका वाटेनें वर गेला व चांदी दुसऱ्या वाटेनें खालीं गेली. इतक्यांत १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्यास आपल्याकडे छप्पन्नाचा काळ म्हणत. त्या वेळच्या लंडनच्या भावानें हिशेब केला तर एका रुपयाभर चांदीचे सुमारें दहा आणे येतात. ज्या बाईनें रुपये आटवून तोडे केले होते, तिनें तेच तोडे मोडले तेव्हां रुपयामागें सहा आणे नाहींसे झाले होते. चोर आला नाहीं, घर जळलें नाहीं. दर बदलला होता. सारा मात्र रुपयांतच राहिला.

हीच गोष्ट सरकारच्या तोंडावर सांगण्याचें काम १९०२ च्या मार्चांत ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत केलें. सरकारच्या तिजोरींत तेव्हां मोठी शिल्लक पडूं लागली होती व तिला भरभराटीची खूण म्हणत. गोखल्यांनीं दाखविलें कीं, रुपया तेरा पेन्सांचा होता त्या तंगीच्या काळांत जे कर बसविले, तेच रुपया सोळा पेन्सांचा झाल्यावरही चालू ठेवले आहेत. शिल्लक आहे ती या फरकाची आहे, रयतेच्या सुबत्तेची नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मतें महसूल खात्यांत काम करणाऱ्या प्रत्येकानें हें भाषण एकदां तरी वाचावयास हवें.

पहिल्या महायुद्धांत चांदी महागली. रुपयांतील चांदीच रुपयापेक्षां मोलाची होऊं लागली. तेव्हां १९१७ पासून सरकारनें दर पायरीपायरीनें वाढविला, आणि १९२० सालीं कमिटीच्या शिफारशीवरून तो सोन्याच्या हिशेबानें २ शिलिंग ठरविला. १६ पेन्सच कायम ठेवावे असा निराळा अभिप्राय त्या कमिटींत दादीबा मेरवानजी दलाल यांनीं लिहिला होता. तो मानला गेला नाहीं. थोड्याच महिन्यांत दर कोसळला व १९२१ सालीं सोळा पेन्सांच्याही खालीं गेला. दोन शिलिंग धरून ज्यांनीं विलायतेस मागण्या दिल्या होत्या, ते व्यापारी बुडाले किंवा बुडतां बुडतां वांचले. कायद्याच्या पुस्तकांत मात्र दोन शिलिंग १९२७ पर्यंत तसेच लिहिलेले होते.

आतां मुख्य वादाकडे येऊं. १९२४-२५ पर्यंत दर सांवरून १८ पेन्सांपाशीं आला होता. तो तेथेंच बांधावा कीं जुन्या १६ वर न्यावा, हें ठरविण्यासाठीं १९२५ सालीं हिल्टन यंग कमिशन नेमलें. कमिशननें १८ चा कौल दिला. त्यांतील एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं मात्र १६ च्या बाजूनें भिन्नमतपत्रिका जोडली. हे गृहस्थ मुंबईच्या कापसाच्या व्यापारांत मुरलेले. कापूस पिकविणाऱ्याच्या हातांत काय पडतें हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. मुंबईंत करन्सी लीग निघाली, वर्तमानपत्रांतून पुष्कळ दिवस दोन पेन्सांचें रण माजलें, आणि १९२७ च्या मार्चांत विधिमंडळांत थोड्याशा मताधिक्यानें १८ पेन्स मंजूर झाले.

दोन पेन्सांचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. त्याच्यासाठीं हिशेब मांडतों. कापसाची खंडी ७८४ रत्तलांची. समजा, सर्व खर्च जाऊन एका खंडी रुईचे परदेशांत २० पौंड आले. रुपयास १६ पेन्स असतां पौंडाचे १५ रुपये, म्हणून खंडीचे रुपये ३००. रुपयास १८ पेन्स असतां पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै, म्हणून त्याच खंडीचे २६६ रुपये १० आणे ८ पै. तेच झाड, तीच रुई, तेच वीस पौंड. खंडीमागें ३३ रुपये ५ आणे ४ पै कमी. आतां त्याच शेतकऱ्यास सारा, लोकलफंड व सावकाराचा हप्ता मिळून १०० रुपये द्यावयाचे आहेत असें धरा. पहिल्या दरानें त्याला २६१ रत्तल रुई विकून मोकळें होतां येई. दुसऱ्या दरानें २९४ रत्तल विकावी लागे. हे जे जास्तीचे ३३ रत्तल, त्यांची पावती कोणत्याही तलाठ्यानें कधीं दिली नाहीं. कारण दप्तरांत पूर्वीही १०० च होते व नंतरही १०० च. शेतसाऱ्याची आकारणी साधारणपणें तीस वर्षांकरितां बांधलेली असे, आणि सावकाराच्या खतावर तर आंकडा कोरलेलाच. ज्या रुपयांत हे आंकडे लिहिले गेले तो रुपया सोळा पेन्सांचा. ज्या रुपयांत ते फेडावयाचे तो अठरा पेन्सांचा. आजच्या सातबाऱ्यावरील आकार पाहून शेतकरी हंसतो. त्या काळीं हंसूं येत नव्हतें.

प्रतिपक्षाचेंही म्हणणें ऐकिलें पाहिजे. ते म्हणत कीं, दर दोन वर्षें अठरावर आहे, बाजारांतील भाव व मजुरी त्याला जुळून गेलीं आहेत. आतां पुन्हां सोळावर नेलें तर सर्व वस्तु महागतील. आकारणी बहुतेक ठिकाणीं युद्धापूर्वींच्या स्वस्ताईंत झालेली, तेव्हां साऱ्याचा भार उलट हलकाच झाला आहे. शिवाय रॉकेल, लोखंडी पत्रा, विलायती कापड हें स्वस्त मिळेल. यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु शेतकरी विकतो पुष्कळ आणि असल्या वस्तु विकत घेतो थोड्या; आणि विलायती कापड स्वस्त झाल्यानें जळगांवची खानदेश मिल किंवा अमळनेरची प्रताप मिल यांच्यावर ताण पडणारच, म्हणजे आपल्या रुईचें घरचें गिऱ्हाईकही अडचणींत.

याहून वजनदार असा एक आक्षेप आहे, आणि तो जमीनवाल्यांनीं टाळूं नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२३ सालीं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला व पुढें हिल्टन यंग कमिशनपुढें साक्षही दिली. रुपया उतरला म्हणजे निर्गत करणाऱ्यास जो नफा होतो तो आकाशांतून पडत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें; भाव आधीं चढतात, मजुरी मागाहून चढते, आणि मधलें अंतर मजुराच्या पोटांतून निघतें. आपल्या घरच्या भाषेंत सांगावयाचें तर, सालदाराचा साल पाडव्याला ठरतो. नंतर रुपया उतरून ज्वारी महागली तर मालकाला कापसांत मिळतें व सालदाराचें ज्वारींत जातें. म्हणून स्वस्त रुपया हा सर्व गांवाचा लाभ, असें समजण्याचें कारण नाहीं. तो गांवांतील एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरीं जाणारा पैसा आहे, आणि महाग रुपयाचेंही तसेंच.

१९२७ नंतर दोनच वर्षांत जगांत मंदी आली व तिनें सोळा-अठराचा वाद निष्ठुरपणें निकालांत काढला. कापसाचे भाव कांहीं हंगामांतच सुमारें निम्म्यावर आले. भाव निम्मे झाले तेथें दोन पेन्स ते काय, असें वरवर वाटतें. परंतु पडत्या भिंतीला दोन वितींचाही टेंकू लागतो, आणि तो टेंकू काढून घेतलेला होता. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सोन्याचें चलन सोडलें. रुपया मोकळा सोडावा अशी येथें मागणी होती. पण तो १८ पेन्सांवर पौंडालाच बांधून ठेविला. पौंड उतरला तसें सोनें चढलें. १९२७ च्या कायद्यानें तोळ्याचा जो भाव २१ रुपये ३ आणे १० पै होता, तो तीस रुपयांच्या वर गेला. मग खेड्यापाड्यांतील सोनें बाहेर पडलें. पुतळ्या, एकदाणी, बिंदल्या सराफाकडे, सराफाकडून मुंबईला व तेथून आगबोटीनें लंडनला. कित्येकांनीं यांस नफा म्हटलें आहे. भाव चांगला आला हें खरें; परंतु हप्त्याच्या तारखेस जो विकतो त्याला नफ्याकरितां विकणारा म्हणावें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें. १९३६ च्या डिसेंबरांत यावल तालुक्यांतील फैजपूर येथें पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें. तेथें शेतसारा व खंड कमी करावा, कर्जाचा भार हलका करावा असा कार्यक्रम मंजूर झाला. १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. दर हलविणें हातांत नव्हतें, म्हणून आंकडे हलवावे लागले.

स्वातंत्र्यानंतरचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९४९ च्या सप्टेंबरांत पौंडाचें अवमूल्यन झालें व त्याबरोबर आपल्या रुपयाचेंही. पाकिस्ताननें मात्र आपला रुपया खालीं आणला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं जे रुपये एकच होते, त्यांचा हिशेब १०० पाकिस्तानी रुपयांस १४४ भारतीय असा झाला. सिंध-पंजाबच्या लांब धाग्याच्या कापसावर आपल्या गिरण्या अवलंबून. तो एकदम ४४ टक्क्यांनीं महाग. आपल्या सरकारनें हा दर मानण्याचें नाकारलें आणि १९५१ च्या आरंभीं करार होईपर्यंत दोन्ही देशांचा व्यापार बहुतेक बंद पडला. अशा वेळीं येथील कापसाला सोन्याचा भाव यावयास हवा होता. पण भावावर सरकारची कमाल मर्यादा होती, आणि पेरा वाढवा असा आग्रहही त्याच सरकारचा. हुंडणावळ शेतकऱ्याच्या बाजूनें फिरली तरी मधल्या दारांतूनच परत जाऊं शकते, याचें हें उदाहरण.

पुढील इतिहास थोडक्यांत. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर व पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. अठरा पेन्सांचा रुपया त्या दिवशीं संपला. १९७५ सालीं पौंडाशीं असलेली गांठ सोडली. १९९१ च्या जुलैंत तीन दिवसांत दोन वेळां रुपया खालीं आणला, आणि १९९३ पासून दर बाजारावर सोपविला. रिझर्व्ह बँक मध्यें हात घालते तेवढाच.

आज पौंडाची जागा डॉलरनें घेतली आहे व लिव्हरपूलची न्यूयॉर्कनें. तेथें रुईचा भाव रत्तलास इतके सेंट असा निघतो, आणि १०० सेंटांचा एक डॉलर. उदाहरणादाखल भाव ७० सेंट व डॉलर ८५ रुपये धरूं. ७८४ रत्तलांच्या खंडीचे ५४८ डॉलर ८० सेंट, म्हणजे ४६,६४८ रुपये झाले. डॉलर एका रुपयानें हलला तर खंडीमागें सुमारें ५४९ रुपयांचा फरक पडतो. खंडी म्हणजे ३५६ किलो. तेव्हां रुईच्या किलोमागें दीड रुपयाहून किंचित् अधिक. एक क्विंटल कापसांतून ३४ किलो रुई निघते असें धरलें, तर क्विंटलमागें सुमारें ५२ रुपये.

हा हिशेब शेतकऱ्याच्या हातीं जसाच्या तसा पडेल असें कोणी समजूं नये. जिनिंगची मजुरी, गाडीभाडें व व्यापाऱ्याचा नफा त्यांतून जातो. सरकी वेगळी विकली जाते व तिचा भाव तेल-पेंडीच्या बाजारावर चालतो. भाव हमीभावाच्या खालीं गेला आणि सरकारी खरेदी खरोखरच सुरू असली, तर त्या हद्दीखालीं डॉलरचा संबंध सुटतो, कारण हमीभाव रुपयांत जाहीर होतो. उलट पोटॅश परदेशांतूनच येतें, डी.ए.पी.चा व डिझेल ज्यापासून निघतें त्या कच्च्या तेलाचाही मोठा भाग तिकडूनच. डॉलर चढला म्हणजे हा खर्चही चढतो. फक्त सोसायटीचें पीककर्ज तेवढें रुपयांत लिहिलेलें व रुपयांतच फेडावयाचें, जसें पूर्वीं सावकाराचें खत होतें. डॉलरचा दर रोज वर्तमानपत्रांत छापून येतो. न्यूयॉर्कचा भाव जिनिंगवाल्यास ठाऊक असतो, तो माल वजनावर चढविण्यापूर्वीं त्यास विचारावा, आणि सरकीचा भाव त्याच वेळीं निराळा विचारून घ्यावा.